औत जप्त करू नका

प्रति,
मा. कुलगुरू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर;
धाराशिव जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संस्थाचालक;
समाज कल्याण आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांचे जिल्ह्यातील अधिकारी यांस,

सन्माननीय महोदय,

या जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात मी एकतीस वर्षे लिपिक होतो. १९८८ ला लागलो, २०१९ ला निवृत्त झालो. त्यातली बावीस वर्षे फीच्या खिडकीमागे गेली. मुले मला भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर गावी आलो, तर गावातलीच मुले-मुली शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घ्यायला घरी येऊ लागली. म्हणजे खिडकीच्या आतली बाजू मला पाठ होतीच. आता सहा-सात वर्षे बाहेरची बाजूही बघतो आहे. हे पत्र त्या दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसाचे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज नको. फी द्यायलाच हवी. विनाअनुदानित तुकडीचा सगळा संसार फीवर चालतो. प्रयोगशाळेतली रसायने, वीजबिल, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे मानधन, सगळे त्याच गल्ल्यातून निघते. फी आली नाही की पहिल्यांदा त्या तासिकावाल्या प्राध्यापकाचे पैसे थांबतात. ते मी माझ्या हाताने थांबवलेले आहेत. एम.एस्सी., नेट झालेला माणूस दर सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात विचारायचा, आणि मी मान हलवायचो. म्हणून कोणी 'फी बुडवली तर काय बिघडले' असे म्हणत असेल तर मी त्याच्या बाजूचा नाही. ज्याची ऐपत आहे आणि जो मुद्दाम टाळतो, त्याच्याकडून वसूल करा. जरूर करा.

माझे म्हणणे वेगळे आहे. वसुलीसाठी आपण जी वस्तू अडकवून ठेवतो, ती अडकवण्याचा अधिकार आपल्याला नसावा. आणि ज्याला आपण थकबाकीदार म्हणतो तो बहुतेक वेळा थकबाकीदार नसतोच.

२०१३ चा जून. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने जिल्हा होरपळून निघाला होता. जनावरे छावणीत होती, गावे टँकरवर होती. बी.एस्सी. झालेली एक मुलगी वडिलांना घेऊन खिडकीशी आली. तिचा बी.एड.च्या प्रवेशफेरीत नंबर लागला होता. तिला टीसी हवा होता. माझ्या खतावणीत तिच्या नावावर दोन वर्षांची मिळून ५,८५० रुपये बाकी दिसत होती. ती शिष्यवृत्तीला पात्र होती, अर्ज मंजूरही होता. पण रक्कम महाविद्यालयाच्या खात्यावर आलेली नव्हती. वडिलांनी २,००० रुपये दिले. मी पावती फाडली. उरलेले ३,८५० 'पीकविम्याचे आले की देतो' असे ते म्हणाले. माझ्या डोक्यावर भिंतीला पाटी होती: पूर्ण भरणा झाल्याशिवाय टीसी मिळणार नाही. ती पाटी मीच रंगाऱ्याकडून करून आणली होती. मी बोट वर केले. बाप पाटीकडे बघत राहिला. मुलगी म्हणाली, "भाऊसाहेब, सोमवार शेवटचा आहे." मी म्हणालो, "प्राचार्यांना भेट." प्राचार्य विद्यापीठात बैठकीला गेले होते. सोमवार गेला.

अकरा महिन्यांनी तिच्या दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीतली शुल्काची रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाली. शिष्यवृत्तीत न बसणारी काही किरकोळ शुल्के वजा जाऊन ती ५,००० होती. मी नोंद घातली, बेरीज केली, पुन्हा केली. २,००० आणि ५,००० मिळून ७,०००. बाकी होती ५,८५०. तिच्या नावावर १,१५० रुपये जमा निघाले. म्हणजे ज्या दिवशी मी तिला बाकीदार म्हणून परत पाठवले, त्या दिवशी खरे तर देणे आमचेच निघत होते. पैसा वाटेत होता एवढेच. त्या वाटेवर उशीर कोणाचा झाला, तर तिचा नाही, तिच्या बापाचाही नाही.

त्या वर्षी तिचा प्रवेश गेला. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले, असे गावाकडून कळले.

माझ्या हातून एकच असे प्रकरण घडले असते तर मी हे पत्र लिहिले नसते. मनातल्या मनात सोसले असते. पण दर जूनला, दर ऑक्टोबरला, दर मार्चला हेच चालते. कोणाचा परीक्षा फॉर्म अडतो, कोणाचे हॉल तिकीट, कोणाचे गुणपत्रक, कोणाचा टीसी. नियमांच्या पुस्तकात बघितले तर यातले बरेचसे करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढून सांगितले की विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे प्रवेशाच्या वेळी तपासून तिथल्या तिथे परत द्यायची. ती ठेवून घ्यायची नाहीत. त्याच अधिसूचनेत असेही आहे की ज्या सत्राचे किंवा वर्षाचे शिक्षण चालू आहे त्याचीच फी आगाऊ घेता येईल, पुढची नाही. प्रवेश रद्द केला तर किती दिवसांत किती टक्के परत द्यायची त्याचाही तक्ता आहे. आमच्या कार्यालयात ते परिपत्रक आले, फाईलला लागले. पण त्यातून निसटायची वाट आम्हाला लगेच सापडली. दहावी-बारावीची गुणपत्रके आम्ही परत दिली. टीसी आम्ही 'ठेवून घेत' नव्हतो, कारण तो आम्ही तयारच करत नव्हतो. जो कागद अजून लिहिलाच नाही, तो अडवला असे कोण म्हणेल? हॉल तिकिटाचेही तेच. ते आमच्या लॉगिनमध्ये आलेले असायचे, फक्त छापलेले नसायचे.

कुलगुरू महोदय, ही फट आपण एका परिपत्रकाने बुजवू शकता. म्हणून हे पत्र पहिल्यांदा आपल्या नावे आहे.

मी शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणी आमच्या गल्लीत सोसायटीच्या कर्जाची जप्ती आली होती. माणसे भांडी मोजत होती. आजोबा ओट्यावर बसून होते. ते फक्त एवढेच बोलले, की औताला हात लावता येत नाही तुम्हाला. मला ते तेव्हा कळले नाही. पुढे कार्यालयात कायद्याची पुस्तके चाळताना सापडले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६०. कर्जापोटी शेतकऱ्याची मालमत्ता जप्त करता येते, पण त्याची शेतीची अवजारे, पोट भरण्यासाठी लागणारी जनावरे आणि पेरणीचे बियाणे धरता येत नाही. कारागिराची हत्यारेही धरता येत नाहीत. इंग्रजांच्या काळातला कायदा, सावकाराच्या बाजूचा म्हणावा असा. पण त्यालाही एवढे कळत होते की औत नेले तर हा पेरणार कशाने आणि फेडणार कुठून.

टीसी, गुणपत्रक, हॉल तिकीट हे विद्यार्थ्याचे औत आहे. त्याच्याच जोरावर तो नोकरीला लागणार, त्याच्याच जोरावर फेडणार. फीपोटी ते धरून ठेवणे म्हणजे बियाणे उचलून नेणे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२० पासून कायद्याने ठरवले की विद्यार्थ्याकडे देणे आहे म्हणून विद्यापीठाला त्याचे गुणपत्रक अडवता येणार नाही. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये शाळांच्या बाबतीत सांगितले की टीसी हे थकीत फी वसूल करण्याचे साधन नाही. हे निकाल आणि कायदे दूरचे असतील, पण त्यांतले शहाणपण परके नाही. आमच्या गल्लीत ते आजोबांना ठाऊक होते.

आता पैसा कुठे अडतो ते सांगतो.

२०१७-१८ पासून शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर गेली. त्याआधी ई-स्कॉलरशिप होती. विद्यार्थी अर्ज भरतो, तो महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो. लिपिक तपासतो, मग प्राचार्यांच्या मान्यतेने तो जिल्हा कार्यालयाकडे जातो. तिथून मंजुरी, मग देयक, मग कोषागार. यातल्या प्रत्येक टप्प्यावर अर्ज थांबू शकतो. आधार बँक खात्याला नीट जोडलेले नसेल तर शेवटच्या पायरीवरून पैसा मागे फिरतो. या सगळ्यात सर्वांत जास्त लपलेला उशीर महाविद्यालयाच्या पायरीवरचा असतो, हे मला सांगितलेच पाहिजे. एका वर्षी नॅकची समिती यायची होती. आम्ही सगळे फाईली रंगवण्यात गुंतलो. त्या दोन महिन्यांत माझ्या लॉगिनला शंभरावर अर्ज तसेच पडून राहिले. मुले विचारत, "भाऊसाहेब, माझा अर्ज कुठंय?" मी म्हणायचो, "वर गेलाय." अर्ज माझ्याच टेबलावर होता. आणि त्याच मुलांना नोव्हेंबरात मी विलंब शुल्कासह परीक्षा फॉर्म भरायला लावला.

समाज कल्याण विभागाने वेळोवेळी बजावले आहे की शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नका. आम्ही शुल्क 'मागत' नव्हतो, 'अनामत' घेत होतो. शब्द बदलला की पावतीपुस्तक बदलते, मुलाच्या खिशातून जायचे ते जातेच.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय झाला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मे होते. मोठा निर्णय आहे. या निर्णयाने आमच्या गावातल्या दोन मुली इंजिनिअरिंगला गेल्या. पण 'शिक्षण शुल्क' आणि 'परीक्षा शुल्क' यांच्या पलीकडे पावतीवर आणखी ओळी असतात: विकास निधी, जिमखाना, ओळखपत्र, वसतिगृह, प्रयोगशाळा अनामत. त्या ओळींची बेरीज शेतमजुराच्या घराला लहान नसते. माफी वाचून आलेला बाप खिडकीशी ती बेरीज बघतो तेव्हा त्याला वाटते आपल्याला फसवले. खरे तर त्याला कोणी नीट सांगितलेले नसते.

दुसरी बाजूही लिहिलीच पाहिजे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा केंद्राचा ६० टक्के हिस्सा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ही ६०-४० ची वाटणी ठरवली. हेतू चांगला होता. मधल्या हातांनी शिष्यवृत्ती खाल्ल्याची प्रकरणे या राज्याने पाहिली आहेत. पण आता घडते काय? मुलाच्या खात्यात रक्कम येते ती कधी फेब्रुवारीत, कधी पुढच्या वर्षी. घरात त्या दिवशी आईचा दवाखाना असतो, कुठे बियाण्याची उधारी फेडायची असते, कुठे बहिणीचे बाळंतपण. पैसा निघून जातो. महाविद्यालयाला मिळत नाही. मग प्राचार्य म्हणतात, बघा, यांना दिले तर हे असे करतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हात जोडून सांगतो की बाबांनो, फीचा पैसा आला की त्याच दिवशी भरा, तो पैसा तुमचा नाही, तुमच्या मागून येणाऱ्याच्या वर्गाचा आहे. बहुतेक भरतात. ज्याच्याकडून राहतो त्याने महाविद्यालयात येऊन सांगावे, लिहून द्यावे, हप्ते पाडून घ्यावेत. पण तो येत नाही. कारण त्याला माहीत असते की खिडकीशी गेले तर काय ऐकावे लागते.

यादी लावायची पद्धत बंद करा, ही माझी प्राचार्यांना विनंती. पूर्वी नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागायची, आता वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात. नाव, वर्ग, रक्कम. त्या यादीवरून कोणत्या जातीची, कोणत्या वस्तीची मुले आहेत हे वर्गाला एका मिनिटात कळते. यादी लागली त्या दिवसापासून वर्गात येणेच बंद केलेली मुले मला नावानिशी माहीत आहेत. फी राहिली म्हणून कोणी त्यांना काढले नव्हते. ती आपोआप गेली. आमच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे 'गैरहजर' एवढेच लिहिले गेले.

फीचे वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक यांचा मेळ कधी कोणी घातला का, हा प्रश्न मला बावीस वर्षे छळत होता. प्रवेश जून-जुलैत. जून-जुलैत आमच्या जिल्ह्यात पैसा कोणाकडे असतो? घरात होते नव्हते ते पेरणीत गेलेले. बी-खत उधारीवर, पीककर्ज बँकेच्या रांगेत. हिवाळी परीक्षेचा फॉर्म नेमका सोयाबीन शेंगेत असताना येतो. सोयाबीन निघते दसरा-दिवाळीला, मोंढ्यात जाते, आडत्याची पट्टी हातात पडते, तेव्हा कुठे घरात रोख येते. तूर त्याच्याही नंतर, जानेवारीत. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागातून जी कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जातात, त्यांना मुकादमाची उचल मिळते ती दसऱ्याच्या आगेमागे, आणि ती आधीच कुठेतरी देऊन झालेली असते. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. मोंढ्यात शेतकऱ्याच्या पट्टीवर त्याच्यापेक्षा बरेच कमी पडले. विलंब शुल्क मात्र पुरतेच घेतले जाते.

मे २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना सांगितले होते की फीच्या बाबतीत सहानुभूतीने विचार करा, भरण्याचे दुसरे पर्याय द्या. म्हणजे हप्ते देता येतात, हे सिद्ध झालेले आहे. मग शेतकऱ्याच्या, ऊसतोड कामगाराच्या घरातल्या मुलासाठी कायमचेच का नाही? प्रवेशाच्या वेळी जमेल तेवढे, दुसरा हप्ता नोव्हेंबरअखेर, तिसरा तूर विकल्यावर फेब्रुवारीत. दिवाळीनंतर खिडकीशी किती गर्दी होते ते कोणत्याही जुन्या लिपिकाला विचारा. पट्टी हातात आलेला बाप मुलाची फी सगळ्यात आधी भरतो. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे, नोटांना मोंढ्याची धूळ लागलेली असायची.

नैसर्गिक आपत्तीच्या वर्षी जी सवलत मिळते तिच्याविषयीही दोन शब्द. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात आपल्या जिल्ह्याचे धाराशिव, लोहारा आणि वाशी हे तीन तालुके होते. जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती यांच्या बरोबरीने शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी त्या सवलतींत असते. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटे झाले. परंडा, भूम, कळंब, वाशी पाण्याखाली गेले. परंड्यात माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. उभे सोयाबीन कुजले, काही शिवारांतली मातीच वाहून गेली. परीक्षा शुल्काची माफी अशा वेळी हवीच. पण खिडकीवर अडवणूक होते ती परीक्षा शुल्कासाठी नसते, ती महाविद्यालयाच्या बाकीसाठी असते. परीक्षा शुल्क माफ आणि हॉल तिकीट बंद, अशी अवस्था होते. शिवाय मी नोकरीत असताना दुष्काळाच्या वर्षी परीक्षा शुल्क आधी भरून घेतले जायचे आणि परतावा मागाहून यायचा. तोवर मुलगा पास होऊन निघूनही गेलेला असायचा. आपत्ती जाहीर झालेल्या तालुक्यांत त्या वर्षापुरती कोणत्याही बाकीसाठी कोणतीही अडवणूक नाही, असा स्पष्ट आदेश विद्यापीठाने आणि जिल्हा प्रशासनाने मिळून काढावा. त्याला सरकारी तिजोरीतून एक रुपयाही लागत नाही.

हा प्रश्न फक्त आमच्यासारख्या लहान महाविद्यालयांचा नाही. आपल्याच जिल्ह्यात, तुळजापुरात, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे. ग्रामीण भागात काम करणारी माणसे घडवणारी ती नावाजलेली जागा. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथली मुले संपावर गेली. मुंबई, हैदराबाद, गुवाहाटी आणि तुळजापूर, चारही ठिकाणी. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि खाणावळीच्या शुल्कात मिळणारी माफी संस्थेने काढून घेतली होती. संस्थेचे म्हणणे, आम्हाला तूट आहे, हा भार आम्ही पेलू शकत नाही. मुलांचे म्हणणे, हा भार आम्ही कसा पेलणार. मला आठवते, त्या दिवसांत आमच्या कार्यालयातही चर्चा व्हायची, आणि माझे सहकारी दोन बाजूंना वाटले जायचे. मला दोघांचेही खरे वाटत होते. सरकारने द्यायचा पैसा सरकारकडून वेळेवर आणि पुरता आला नाही, की संस्था आणि विद्यार्थी एकमेकांसमोर उभे राहतात. ज्याने द्यायचे तो त्या खोलीतच नसतो.

आणि वेळेवर न भरल्याची किंमत केवढी असू शकते ते सगळ्या देशाने २०२४ मध्ये पाहिले. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये २४ जूनला संध्याकाळी पाचच्या आत भरायचे होते. गावातून पैसे गोळा होईतो पाच वाजून गेले. जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि ३० सप्टेंबरला न्यायालयाने राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाखालचा आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. मला त्या निकालाचा आनंद झाला. पण रात्री झोप लागली नाही. माझ्या खिडकीतून परत गेलेल्या मुलीला दिल्लीचा रस्ता कोण दाखवणार होते? धाराशिवहून संभाजीनगरला विद्यापीठात एका कागदासाठी जायचे म्हटले तरी पूर्ण दिवस आणि दोन्ही वेळचे एसटीचे भाडे लागते. बापाची मजुरी बुडते ती वेगळी.

म्हणूनच माझी कुलगुरूंना आग्रहाची विनंती आहे की २००४ पासून धाराशिवात विद्यापीठाचे जे उपकेंद्र आहे तिथे फीच्या तक्रारी ऐकणारा एक अधिकारी बसवा. त्याच्याकडे असा अधिकार द्या की शिष्यवृत्तीचा अर्ज प्रलंबित असल्याचा पुरावा विद्यार्थ्याने दाखवला तर त्याच दिवशी हॉल तिकीट किंवा टीसी देण्याचा आदेश निघेल. आणि उशीर कार्यालयाचा असेल तिथे विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क विद्यार्थ्याकडून घ्यायचे नाही, असे सर्व संलग्न महाविद्यालयांना कळवा.

प्राचार्यांनी दर पंधरा दिवसांनी फलकावर लावावे: आमच्या लॉगिनला किती अर्ज पडून आहेत, किती दिवसांपासून. मुलांची नावे नकोत, आकडे लावा. थकबाकीदारांच्या यादीची जागा त्या कागदाला द्या. लिपिकाला त्याचा त्रास होईल, मला माहीत आहे; मलाही झाला असता. पण माझ्या काळात तसा फलक असता तर ते शंभर अर्ज दोन महिने पडून राहिले नसते. आणि लिपिकाच्या पाठीशीही उभे राहा. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, नॅक सगळे एकाच माणसाच्या टेबलावर टाकून मग तो चिडतो म्हणू नका. जूनमध्ये शिष्यवृत्तीसाठी एक स्वतंत्र माणूस द्या.

संस्थाचालकांना एवढेच सांगतो. आपल्या जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ मध्ये, निजामाच्या राज्यात, राष्ट्रीय शाळा उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते. त्या मुलखात तेव्हा शिक्षण काढणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते, तरी लोकांनी ते केले. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा त्यात आपला जिल्हा आला, म्हणजे मागे राहिलेल्यांत मोजला गेला. या दोन्ही गोष्टी आपण भाषणांत सांगता; फी वसूल करतानाही त्या आठवा. माझी स्वतःची फी १,२०० रुपयांच्या आतल्या उत्पन्नाच्या जुन्या ईबीसी सवलतीत माफ झाली होती. ती सवलत नसती तर मी खिडकीच्या आतल्या बाजूला कधी पोहोचलोच नसतो.

आणि जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना: मंजूर झालेल्या अर्जाचा पैसा कधी येणार, त्याची अंदाजे तारीख महाविद्यालयांना लेखी द्या. तारीख असली की प्राचार्य थांबायला तयार होतात. काहीच कळत नाही तेव्हा ते मुलाला धरतात, कारण तोच एकटा हाताशी असतो.

शेवटी माझ्याच जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक विनंती. ते हे पत्र वाचतील आणि आपल्यालाच उद्देशून आहे हे ओळखतील. ते १,१५० रुपये अजून खतावणीत आहेत. 'विद्यार्थी देय' या सदरात. तेव्हा मी तिला परताव्याचे पत्र पाठवले होते, ते पत्ता सापडला नाही म्हणून परत आले. दरवर्षी ताळेबंद करताना मी ती रक्कम पुढच्या वर्षावर ओढत राहिलो, आणि निवृत्तीच्या दिवशी नव्या लिपिकाला ते पान उघडून दाखवले. गेल्या महिन्यात मला तिच्या सासरच्या गावाचे नाव कळले. उमरग्याच्या पुढे आहे. तिच्या नावाने धनादेश काढा. सोबत टीसीही द्या, तो आजवर कोणी नेलेला नाही. मी स्वतः जाऊन तिच्या हातात देतो.

आपला,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक,
जि. धाराशिव